‘काहून?’ विचारणाऱ्या पोरांना लिहायला कधी शिकवणार?

‘मोबाइल : शाप की वरदान?’ हा निबंध लिहिला नाही असा मराठी शाळेतला विद्यार्थी सापडणं अवघड आहे. मोबाइल नसेल तर विज्ञान, विज्ञान नसेल तर टीव्ही. विषय बदलतो, साचा बदलत नाही. पहिल्या परिच्छेदात मानवाच्या मूलभूत गरजा, दुसऱ्यात फायदे, तिसऱ्यात तोटे, आणि शेवटी ‘नाण्याला दोन बाजू असतात, कोणत्या बाजूने पाहायचे ते आपल्यावर आहे’. शिक्षक खूश, दहापैकी सात मार्क. पण प्रश्न होता शाप की वरदान. त्याचं उत्तर निबंधात कुठेच नसतं.

हा विनोद नाही. आपण सहावी ते आठवीच्या पोरांना निबंध लिहायला शिकवतो, पण मत मांडायला शिकवत नाही. एखाद्या प्रश्नावर बाजू घ्यायची, तिची कारणं द्यायची, कारणांना पुरावा जोडायचा, समोरच्याचं म्हणणं प्रामाणिकपणे लिहायचं आणि मग त्याला उत्तर द्यायचं, ही एवढी साखळी बहुतेकांना शाळा संपेपर्यंत कुणी एकदाही पूर्ण करायला लावत नाही. पुढे पदवीला गेल्यावर ते जाणवतं. आमच्या मास कॉमच्या वर्गात अग्रलेख लिहायची वेळ आली, तेव्हा अर्ध्याहून जास्त वर्गाने नाण्याच्या दोन्ही बाजू लिहून दिल्या होत्या.

आत्ताच हा विषय का?

कारण शाळेत बरंच काही एकदम हलतंय. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आलं. त्यात घोकंपट्टी कमी, चर्चा आणि चिकित्सक विचार जास्त, असं म्हटलंय. त्यानुसार राज्यात पहिलीचा नवा अभ्यासक्रम २०२५-२६ पासून सुरू झाला. टप्प्याटप्प्याने सहावी, सातवी, आठवीची पाळी येणार. दुसरीकडे २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आली आहे. नापास झालं तर पुनर्परीक्षा, तिथेही नापास झालं तर त्याच वर्गात. म्हणजे आठवीच्या परीक्षेचं वजन वाढलं. ज्या गोष्टीचं वजन वाढतं, तिच्यात काय विचारलं जातं यावर वर्षभराचं शिकवणं ठरतं.

आणि याच काळात राज्यात शाळेच्याच विषयावर मोठा वाद झाला. १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा आली. १७ जूनला सुधारित निर्णय निघाला. २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. अडीच महिने नेते बोलले, साहित्यिक बोलले, पालक बोलले, सोशल मीडियावर तर सगळेच बोलले. पण मराठी माध्यमात पाचवीपासून हिंदी आणि पहिलीपासून इंग्रजी शिकणारी सहावी-सातवीची पोरं या विषयातली खरी अनुभवी मंडळी होती. तीन भाषा एकदम शिकणं कसं असतं, हे त्यांना माहीत होतं. त्यांना कुणी म्हटलं नाही, की बाबांनो, तुमचं मत लिहा, कारणांसकट.

परीक्षेत जे नाही, ते वर्गात नाही

दहावीच्या मराठी प्रथम भाषेची कृतिपत्रिका आठवून बघा. ८० गुणांच्या या पेपरात शेवटी लेखनकौशल्याचा ८ गुणांचा प्रश्न असतो. प्रसंगलेखन, आत्मकथन आणि वैचारिक, या तिघांपैकी एक लिहायचं. वैचारिक लेखन हा पर्याय आहे, सक्ती नाही. ‘मी फळा बोलतोय’ लिहून सुटता येतं, आणि परीक्षेच्या हॉलमध्ये सेफ तेच वाटतं. थोडक्यात, एकही मत मुद्देसूद न मांडता दहावी पास होता येतं, आणि चांगल्या मार्कांनी पास होता येतं. धड्यांवरच्या प्रश्नांत ‘स्वमत’ असतं खरं. पण त्याची उत्तरंही गाइडमध्ये छापून मिळतात. माझं मत काय आहे, ते मी दुकानातून विकत आणतो!

त्याआधीच्या परीक्षा बघा. शिष्यवृत्ती परीक्षा, आठवीची एनएमएमएस, नवोदयची प्रवेश परीक्षा, सगळीकडे पर्याय निवडून गोल काळा करायचा. शिक्षणाची पातळी मोजणाऱ्या पाहण्यांचंही तेच. ४ डिसेंबर २०२४ ला तिसरी, सहावी आणि नववीच्या मुलांची ‘परख’ राष्ट्रीय पाहणी झाली, तीही बहुपर्यायी. ‘असर’चं सर्वेक्षण घरोघर जाऊन वाचन आणि गणित तपासतं, लेखन नाही.

वाशिम जिल्ह्यासाठी हे जास्त महत्त्वाचं आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने देशभरातले जे आकांक्षित जिल्हे निवडले, त्यात महाराष्ट्रातले चार होते: नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद (आताचं धाराशिव) आणि वाशिम. या जिल्ह्यांची प्रगती आकड्यांत मोजली जाते आणि त्यात शिक्षणाचा वाटा ३० टक्के. मुलींसाठी चालू स्वच्छतागृह आहे का, पिण्याचं पाणी आहे का, वीज आहे का, पुस्तकं पहिल्या महिन्यात पोचली का, भाषा आणि गणितात मुलं कुठवर आली. हे सगळं मोजलंच पाहिजे, त्याशिवाय शाळा उभी राहत नाही. पण आपलं म्हणणं मुद्देसूद लिहिता येणं यातल्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. मग त्याकडे बघणार कोण?

आसेगावात याने काय अडतं?

विदर्भात आसेगाव नावाची एकापेक्षा जास्त गावं आहेत. आपण बोलतोय ते वाशिम जिल्ह्यातलं, मंगरूळपीर तालुक्यातलं. सोयाबीन-तुरीचा पट्टा. तहसील मंगरूळपीरला, कलेक्टर वाशिमला. अशा गावात शाळेतला निबंध शाळेतच राहतो, पण लेखनाचा एक प्रकार आयुष्यभर पाठ सोडत नाही: अर्ज. पीकविम्याची तक्रार, शिवरस्त्याचा वाद, रेशनकार्डातलं नाव, डीपी जळाली म्हणून महावितरणला पत्र. तहसीलबाहेर बसणाऱ्या अर्जनवीसाचं दुकान याच गरजेवर चालतं. त्याला कायद्याची भाषा येते, पण आपली बाजू आपल्याइतकी त्याला माहीत नसते.

समजा, सातवीच्या वर्गाला एसटीच्या डेपोला पत्र लिहायचंय, की सकाळची बस उशिरा येते. आपण शिकवतो ते पत्र असं होतं: ‘महोदय, आमच्या गावी बसची सोय नीट नाही. त्यामुळे विद्यार्थ्यांचे अतोनात नुकसान होते. तरी आपण सहानुभूतीपूर्वक विचार करावा, ही नम्र विनंती.’ मायना बरोबर, समारोप बरोबर, पैकीच्या पैकी मार्क. पण डेपोतल्या माणसाला यातून काय कळलं?

आता दुसरं पत्र. आकडे उदाहरणापुरते आहेत. ‘शाळा साडेदहाला भरते, बस अकराला पोचते. मागच्या महिन्यात शाळा २४ दिवस भरली, त्यातले १९ दिवस आमचा पहिला तास बुडाला. हजेरीची प्रत जोडली आहे. या बसने आम्ही ३१ जण येतो, त्यात २२ मुली आहेत. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास आहे, पण बसच वेळेवर नसेल तर पासचा उपयोग होत नाही. एका गावासाठी वेळ बदलली तर पुढच्या गावांची अडचण होईल, असे आपण म्हणाल. म्हणून आम्ही पुढच्या दोन गावांतल्या विद्यार्थ्यांना विचारले. त्यांची शाळाही साडेदहाचीच आहे. बस अर्धा तास आधी सुटली तर जादा फेरी लागणार नाही आणि तिन्ही गावांची सोय होईल.’

या पत्रात अलंकारिक शब्द एकही नाही. पण मागणी आहे, कारण आहे, पुरावा आहे, समोरच्याची अडचण त्याने सांगायच्या आधी ओळखली आहे आणि तिला उत्तर आहे. डेपोने तरीही वेळ बदलली नाही, असंही होईल. पण मग ‘नाही’ म्हणायला त्यांना कारण द्यावं लागेल. पहिल्या पत्राला फाइलमध्ये लावून टाकता येतं. दुसऱ्याला उत्तर द्यावं लागतं.

चौदा वर्षांच्या मुलीने हे केलंय

‘एवढ्या लहान पोरांना हे कसं जमेल?’ असं कुणी म्हटलं तर त्याला १८५५ सालात न्यावं. सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांच्या पुण्यातल्या शाळेत मातंग समाजातली मुक्ता साळवे शिकत होती. वय साधारण चौदा, म्हणजे आजच्या आठवीतलं. शाळेत तिची जेमतेम तीन वर्षं झाली होती. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात फेब्रुवारी आणि मार्च १८५५ मध्ये दोन भागांत छापून आला.

आपण तिला आदराने आठवतो. पण तिने तो निबंध रचला कसा, हे वर्गात क्वचितच उलगडून सांगितलं जातं. ती विरोधकाचंच म्हणणं हातात घेते. वेद फक्त आमचे, असं ब्राह्मण म्हणतात ना, ठीक आहे, मान्य. मग त्यावरून निष्कर्ष काढते, की तसं असेल तर आम्हाला धर्मपुस्तकच नाही, म्हणजे आम्ही धर्मरहित ठरतो. मग आमचा धर्म कोणता, ते देवानेच सांगावं! समोरच्याच्याच वाक्याने समोरच्याला कोंडीत पकडणं म्हणतात ते हे. त्यानंतर ती पुरावे मांडते, आणि ते तिच्या आसपासच्या जगण्यातले आहेत: पेशवाईत लोकांना भोगावा लागलेला छळ, डोक्यावर छप्पर नसताना थंडीवाऱ्यात बाळंत होणाऱ्या बायकांचे हाल. पेशवाई आणि त्यानंतरचा काळ यांची तुलनाही करते. आणि शेवटी आपल्याच लोकांकडे वळून सांगते, की या दुखण्यावर औषध ज्ञानाचं आहे.

यात ‘नाण्याच्या दोन बाजू’ नाहीत. एक ठाम बाजू आहे, आणि दुसऱ्या बाजूला तिच्या तोंडावर दिलेलं उत्तर आहे.

आपल्या वऱ्हाडातलंच उदाहरण हवं असेल तर बुलडाण्याच्या ताराबाई शिंदे आहेत. त्या शाळकरी नव्हत्या आणि शाळेत रीतसर शिकल्याही नव्हत्या. सुरतच्या एका विधवेवरच्या खटल्याचं निमित्त करून वर्तमानपत्रं सगळ्याच बायकांना नावं ठेवायला लागली, तेव्हा त्यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिलं. बायकांवर ठेवले जाणारे दोष एकेक करून घेतले आणि प्रत्येक दोष पुरुषांमध्ये नाही का, असं विचारत गेल्या. मुक्ताची रीत आणि त्यांची रीत एकच आहे. आधी समोरचा काय म्हणतो ते नीट मांडायचं, मग त्याला विचारायचं: काहून?

‘काहून’, ‘काहून की’ आणि ‘पन’

वऱ्हाडी बोलीत ‘का’ला काहून म्हणतात, हे आपल्याकडे सांगायला नको. ‘मी आज वावरात नाही येत.’ ‘काहून?’ ‘काहून की उद्या पेपर हाय.’ ‘पन पेपर तं परवा हाय ना बे?’ घरात, पारावर, क्रिकेटच्या मैदानात दिवसभर हेच चाललेलं असतं. म्हणजे युक्तिवाद पोरांना येतो. तो कागदावर उतरवायला आपण शिकवत नाही, एवढंच. शिवाय त्यांनी कागदावर ‘पन’ लिहिलं, की आधी लाल पेन त्या ‘न’वर जातं. मुद्दा बरोबर होता की नाही, ते बघायचं राहून जातं. शुद्धलेखन हवंच, पण पहिल्या खर्ड्यात मुद्दा तपासा आणि दुसऱ्या खर्ड्यात ‘न’चा ‘ण’ करा. एकाच वेळी दोन्ही तपासलं तर पोरगं एवढंच शिकतं, की कमी लिहिलं तर चुका कमी होतात.

ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टुलमिन यांनी १९५८ मध्ये युक्तिवादाची मांडणी सुटी करून दाखवली: दावा, त्याचा आधार, आणि तो आधार दाव्याला का लागू पडतो हे सांगणारा दुवा. आपल्याकडच्या शास्त्रांत आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, आणि मग उत्तरपक्ष, अशी रीत फार जुनी आहे. सातवीच्या वर्गात यातलं एकही नाव घ्यायची गरज नाही. आपल्या बोलीतले तीन शब्द फळ्यावर लिहिले तरी भागतं. तुझं म्हणणं काय? काहून? (कारण आणि पुरावा.) पन समोरचा काय म्हणेल? त्याला उत्तर काय?

तिसऱ्या भाषेच्याच वादावर करून बघू. एक मुलगी लिहिते, ‘तिसरी भाषा पाचवीपासूनच असावी.’ काहून? ‘काहून की आधी मराठी वाचता आली तर हिंदी लवकर येते. लिपी तीच आहे.’ पुरावा? ‘आमच्या वर्गात ज्यांना मराठी नीट वाचता येत होती, त्यांना हिंदीचं पुस्तक लवकर वाचता आलं. ज्यांना मराठीच जड जात होती, ते दोन्हीकडे अडकले.’ पन? बाजूचा मुलगा म्हणतो, ‘पन मग इंग्रजी तं पहिलीपासून आहे, तिची लिपीबी वेगळी. ते कसं चालते?’ आता तिला विचार करावा लागणार. ती म्हणू शकते, ‘इंग्रजी पहिलीपासून असूनही आम्हाला बोलता येत नाही, म्हणजे लवकर सुरू केलं की येतेच असं नाही.’ किंवा तिला वाटू शकतं, की याचं म्हणणं बरोबर आहे, आणि ती आपलं मत बदलू शकते. दोन्ही चालेल. शिक्षकाने बाजूला मार्क द्यायचे नाहीत. ‘पन’ला उत्तर दिलं का, याला द्यायचे.

समोर खराखुरा विरोधक असला की लेखन सुधारतं, याचा चांगला अभ्यास झालेला आहे. कोलंबिया विद्यापीठाच्या डिएना कून आणि अमांडा क्रॉवेल यांनी न्यूयॉर्कमधल्या एका सरकारी शाळेत सहावी ते आठवी अशी तीन वर्षं एक प्रयोग केला. मुलांच्या जोड्या केल्या, आणि विरुद्ध मत असलेल्या जोडीशी त्यांनी संगणकावर टाइप करून वाद घालायचा, असं ठरवलं. तुलनेसाठी दुसरा गट होता. त्यात शिक्षक नेहमीसारखी सगळ्या वर्गाची चर्चा घेत आणि मुलं निबंध जास्त लिहीत. २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जोडीने वाद घातलेल्या मुलांच्या निबंधांत समोरच्या बाजूची दखल जास्त दिसली. निबंध जास्त लिहिणाऱ्या गटापेक्षा जास्त! म्हणजे नुसते निबंध वाढवून भागत नाही. नाही म्हणणारा कुणीतरी समोर लागतो. आपल्याला त्यासाठी संगणकही नको. वहीचं पान बाजूच्या बेंचवर सरकवलं तरी तेच होतं.

अडचणी खऱ्या आहेत

पहिली अडचण शिक्षक लगेच सांगतील: आधी वाचता तर येऊ द्या. बरोबर आहे. ‘असर’च्या पाहण्यांत देशातल्या ग्रामीण भागातले आठवीचे दहापैकी साधारण सातच विद्यार्थी दुसरीच्या पातळीचा मजकूर नीट वाचू शकतात. उरलेल्या तिघांना परिच्छेद लिहायला लावणं हा अन्याय होईल. पण त्यांना बोलता येतं. आधी तोंडी वाद, मग एका वाक्यात दावा, मग एक ‘काहून की’, असं चढत जाता येतं. उलट स्वतःचं म्हणणं कागदावर दिसलं, की ते वाचून दाखवायची हौस येते. वाचन पूर्ण झाल्यावर लेखन, अशी रांग लावली तर काहींचा नंबर कधी येणारच नाही.

दुसरी अडचण वेळेची. सर्वेक्षणं, निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती भरणं, आणि त्यात चाळीस वह्या तपासायच्या. म्हणूनच सगळ्या वह्या दर वेळी शिक्षकाने तपासाव्यात, असं कुणी म्हणू नये. बाजूच्याने ‘पन’ लिहिणं हीच अर्धी तपासणी आहे.

तिसरी अडचण कुणी उघड बोलत नाही. घरात आणि शाळेत ‘उलटून बोलू नको’ हे आपण लहानपणापासून ऐकतो. मत मांडणारं पोरगं आगाऊ वाटतं, त्यातून मुलगी असेल तर जास्तच. आपल्याकडे वक्तृत्व स्पर्धांची हौस दांडगी आहे, पण बरीच भाषणं मोठ्यांनी लिहून दिलेली असतात आणि मुलं ती हातवाऱ्यांसह पाठ म्हणतात. ठाम बोलायला शिकवतो, पण दुसऱ्याच्या मतावर. खरं तर युक्तिवाद शिकलेलं पोरगं कमी भांडतं, कारण समोरच्याचं पूर्ण ऐकल्याशिवाय त्याला ‘पन’ लिहिताच येत नाही. रीलखालच्या कॉमेंटमध्ये आपण रोज बघतो ते वाद नसतात. तिथे ‘काहून’ विचारायच्या आधीच समोरच्याची जात, पक्ष आणि आई-बाप निघालेले असतात.

आणि चौथी अडचण नवी आहे. आता चॅटजीपीटीला सांगितलं, की ‘मोबाइल शाप की वरदान’ पाच सेकंदांत तयार. तसल्या निबंधाची किंमत आता शून्य झाली, हे मान्य करून टाकू. पण आपल्या गावची बस महिन्यातून किती दिवस उशिरा आली, हे त्याला माहीत नाही. ते रस्त्यावर उभं राहून मोजणाऱ्यालाच माहीत आहे. विषय जितका गावातला, तितकी कॉपी अवघड.

जीआरची वाट न बघता

यासाठी नवं पुस्तक, नवा तास, नवा शासन निर्णय लागतोच असं नाही. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्यात पाचवी-सहावीला आकारिक मूल्यमापनाचे ५० गुण, सातवी-आठवीला ४०. तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय, हे सगळं त्यात बसतं. महिन्यातून एक विषय, एक जोडी, एक पान. वर्षाला आठ-दहा पानं झाली तरी तीन वर्षांत पोरगं पंचवीसेक वेळा मत मांडून, विरोध झेलून, सुधारून बाहेर पडेल. नवी पुस्तकं सहावी ते आठवीपर्यंत येतील, तेव्हा ‘स्वमत’च्या तीन ओळींऐवजी एक पूर्ण पान, आणि वैचारिक लेखनाला पर्यायाऐवजी हक्काची जागा, एवढी मागणी त्या वेळी करता येईल.

आणि लिहिलेलं कुणीतरी खरंच वाचलं पाहिजे. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेला शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि आपल्या राज्यात विद्यार्थ्यांचे प्रतिनिधीही बसतात. सातवीच्या वर्गाने ‘मधल्या सुट्टीची वेळ बदला’ असं कारणांसकट लिहून दिलं, आणि समितीने ते वाचून हो किंवा नाही, पण कारणासकट कळवलं, तर त्या वर्गाला समजेल की आपलं लिहिणं कुणापर्यंत तरी पोचतं. ग्रामसभा तर गावातच भरते.

राहिलो आपण, हे पान वाचणारे. आपल्यातले बरेच जण दिवाळीत, उन्हाळ्यात गावी जातात. घरात सहावी-सातवीतली बहीण, पुतण्या, शेजारचं कुणी असतंच. त्याला एक प्रश्न द्या, ज्याचं उत्तर त्याच्या जगण्यात आहे: शाळेचा गणवेश असावा का, गावच्या बाजाराच्या दिवशी शाळा अर्धी ठेवावी का, लहान भावाला सांभाळायला मुलीनेच घरी का राहायचं. पान भरून लिहू द्या. शुद्धलेखनाला हात लावू नका. खाली फक्त तुमचा एक ‘पन’ लिहा आणि वही परत द्या. दुसऱ्या दिवशी ते पोरगं उत्तर घेऊन आलं, तर पहिला धडा झाला असं समजा.